लिसेनियाच्या गाडीवरची पेटी

सान तादेओ गावात एके काळी अशी कुजबूज होती, की लिसेनिया रियास्कोस आपल्या मेलेल्या नवऱ्याला पेटीत घालून रुळावरून फिरवते. पुरत नाही, रडत नाही, नऊ रात्रींची गाणी नाहीत की पाहुण्यांना उसाची दारू नाही, नुसती फिरवते. कुणी म्हणे, तो पनामाहून गुपचूप परत आला आणि त्याच रात्री तिने त्याचा निकाल लावला. कुणी म्हणे, छे, आला तोच पेटीतून. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलायचा, पेटी मात्र कायम.

ही कुजबूज निघाली कुठून, असं विचारलं तर सगळं गाव आगापितो इनेस्त्रोसाच्या घराकडे बोट दाखवायचं, आणि आगापितो आपल्या बायकोकडे, दोमितिलाकडे. पण खरं सांगायचं तर त्या पेटीसमोर सगळ्यात जास्त वेळा टोपी काढली ती आगापितोनेच, त्यामुळे त्या पेटीत कुणी मोठा माणूस असावा अशी सर्वाधिक गरजही त्यालाच होती.

आगापितो म्हणजे चालकांच्या रांगेचा प्रमुख. सान तादेओला रस्ता नाही. जंगलातून एकच लोहमार्ग जातो, त्यावरून महिन्यातून एखादी मालगाडी धापा टाकत बंदराकडे जाते, आणि उरलेले दिवस तो मार्ग गावाचा. गावाने त्यावर आपली वाहनं काढली आहेत, ब्रुखिता म्हणतात त्यांना: फळ्यांचा पाट, खाली चार लहान लोखंडी चाकं, पाटावर दोन बाकडी, आणि कडेला जखडलेली मोटरसायकल. तिचं मागचं चाक रुळावर टेकतं आणि तेच सगळ्यांना ढकलत नेतं. गावाबाहेर जायचं तर ब्रुखिता, गावात यायचं तर ब्रुखिता. साहजिकच इथल्या पोराला मोठेपणी कोण होणार असं कुणी विचारत नाही. चालक होणार. चालक नाही झाला तर हमाल, हमाल नाही तर चाकं ओतणाऱ्याच्या भात्यावर, आणि अगदीच आळशी निघाला तर आगापितोचा पुतण्या. मुलींनी मात्र फलाटावर बसून उतारूंना तळलेली केळी विकायची. हा नियम कुणी केला नव्हता, म्हणून तो कुणाला मोडताही येत नव्हता.

मार्ग एकेरी. समोरासमोर दोन गाड्या आल्या, की ज्या गाडीवर माणसं कमी त्या चालकाने उतारू उतरवायचे, गाडी मोटरसायकलसकट रुळावरून उचलून कडेला ठेवायची, दुसऱ्याला जाऊ द्यायचं आणि पुन्हा चढवायची. एकट्याने. उतारूंनी हात लावायचा नाही. आगापितो म्हणायचा, "ज्याला आपली गाडी आपण उतरवता येत नाही, तो चालक नव्हे, उतारू." हे वाक्य तो पोट पुढे काढून म्हणायचा. आता त्याच्या गाडीवर कायमच जास्त माणसं असायची, कारण रांग तोच लावायचा, त्यामुळे त्याची स्वतःची गाडी उतरवताना त्याला फारसं कुणी पाहिलं नव्हतं. पण ते असो.

लिसेनियाला तो तिच्या बारशापासून ओळखत होता. तेव्हा मोटरसायकली नव्हत्या, लांब बांबूने गाड्या रेटायचे, आणि पाद्र्याकडे तिला नेली ती आगापितोनेच, स्वतःच्या बांबूने. पुढे ती फलाटावर केळी तळायला बसली, पुढे एव्हेरार्दो नावाच्या देखण्या चालकाशी लग्न केलं. एव्हेरार्दो हसायचा छान, त्यापलीकडे त्याला फारसं काही येत नव्हतं. एके दिवशी त्याने गाडीवरची मोटरसायकल विकली आणि जहाजावर काम करायला पनामाला निघून गेला. मागे राहिला नुसता फळ्यांचा पाट, चार चाकं आणि लिसेनिया.

थोडे दिवस वाट पाहून ती फलाटावरच्या छपराखाली आली. चालक मंडळी डोमिनो खेळत होती.

"आगापितो काका, रांगेतला एव्हेरार्दोचा नंबर मला द्या."

"नंबर एव्हेरार्दोचा आहे, पोरी. तो येईल आणि घेईल."

"तो जाताना माझी कढई घेऊन गेलाय, काका. परत येणारा माणूस कढई नेतो का?"

मंडळी खदखदली. आगापितोला हसू आवरावं लागलं, कारण प्रमुखाने हसायचं नसतं.

"हे बघ, नियम आहे. नंबर जातो मुलाकडे, नाहीतर विधवेकडे. मुलगा तुला नाही. आणि विधवा..." इथे त्याने आवाज खाली आणला, "त्याचं काय, समुद्रावर माणसं जातात, समुद्र मोठा असतो. काळं नेस, नऊ रात्री गाणी म्हणवून घे, मी स्वतः ढोल वाजवायला येतो. दहाव्या दिवशी नंबर तुझा. गाडीवर माझा पुतण्या बसेल. कुणी काही विचारणार नाही."

"जिवंत माणसाचं सुतक मी धरायचं?"

"कागदोपत्री गं."

"मी विधवा नाही, काका. टाकलेली आहे. विधवेला जेवायला मिळतं आणि टाकलेलीला नाही, हा कुठला न्याय? आणि तुमचा पुतण्या कशाला? गाडी मी चालवणार."

आता मात्र कुणी हसलं नाही. एकाच्या हातातली सोंगटी हातातच राहिली.

"तू केळी तळतेस ती चांगली तळतेस," आगापितो म्हणाला.

"उतारू येतात, माझी केळी खातात आणि जातात. एवढी वर्षं मी जाणाऱ्यांची तोंडं पाहिली. आता मला जायचंय."

आगापितो उठला. त्याने आपली गाडी दाखवली. "उतरव."

तिने पदर खोचावा तसा स्कर्ट कमरेला खोचला, फळीची कड धरली आणि ओढ घेतली. गाडी हलली, उचलली मात्र गेली नाही. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. मागे कुणीतरी कोंबड्यासारखा आरवला. तिने हात पुसले.

"आज नाही उतरली."

"म्हणजे उद्या उतरेल?"

"उद्याही नाही उतरणार. पण उतरेल." आणि ती तिच्या चुलीकडे गेली. तेल तापलं होतं.

आगापितोच्या दृष्टीने विषय संपला. कारण शिकायचं तर रुळावर गाडी घालावी लागते, आणि रांगेत नसलेल्याला रुळावर गाडी घालता येत नाही. याला अपवाद तीनच: अडलेली बाळंतीण, आजारी माणूस आणि मृत. यांना कुणीही, कशावरूनही, केव्हाही न्यावं. समोरचा कितीही भरलेला असो, त्याने बाजूला व्हावं.

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले होते. आगापितो भरलेली गाडी घेऊन वळणावरून आला तर समोर लिसेनिया. उभी, हातात लांब बांबू, एव्हेरार्दोचा तो उघडा पाट रेटत. आगापितोने शिट्टी तोंडात घातली, फुंकण्यासाठी गालही फुगवले, आणि मग त्याला पाटावरची पेटी दिसली. वर पांढरी चादर, कोपऱ्यात डब्यात जळणारी मेणबत्ती.

त्याने गालातली हवा हळूच सोडली. टोपी काढली. उतारू उतरले, त्यांनीही टोप्या काढल्या, बायकांनी छातीवर क्रूस काढला. दोन हमालांनी मुकाट्याने आगापितोची गाडी उतरवायला मदत केली, कारण मृतापुढे नियम सैल होतात. कुणी काही विचारलं नाही. रुळावर असलेल्या मृताचं नाव विचारू नये, विचारलं तर तो तिथेच घुटमळतो, हे सान तादेओत अंगावर पीत असल्यापासून कळतं.

"देव तुमचं भलं करो, काका," लिसेनिया म्हणाली आणि पुढे गेली.

दोन दिवसांनी पुन्हा तीच. तीच पेटी, तीच चादर. आगापितोने टोपी काढली. त्या आठवड्यात पुन्हा. पुढच्याही. बाकीच्या चालकांचीही तीच गत. टोप्या काढून काढून डोकी भिजत होती, कारण इकडे पाऊस कुणाच्या मरणासाठी थांबत नाही.

"कोण असेल गं?" घरी त्याने दोमितिलाला विचारलं. घरात विचारायला हरकत नव्हती, घर रुळावर नव्हतं.

दोमितिला माशाचे खवले काढत होती. "आणखी कोण? एव्हेरार्दो."

"तो तर पनामात."

"पनामात पेट्या मिळत नाहीत?"

"मग पुरत का नाही?"

"राग आहे हो. कढई परत मिळाल्याशिवाय नाही पुरायची ती त्याला."

"अगं, पण इतके दिवस! वास..."

"खारवला असेल," दोमितिला म्हणाली आणि हातातला मासा मिठात टाकला. "एवढे मासे खारवता येतात, एव्हेरार्दोत काय अवघड आहे? तसाही अंगाने सडपातळ होता."

आता हे नवरा-बायकोत चुलीपाशी झालेलं बोलणं. पण संध्याकाळी फलाटावरची भजी विकणारी आगापितोला सांगत होती, की मीठ कमी पडलं म्हणून लिसेनियाने उधार नेलं. त्यात भर पडली ती धबधब्यापाशी लाकडं तोडणाऱ्या दोघांची. त्यांनी शपथेवर सांगितलं: बाई पेटीसकट पाट रुळावरून उतरवते, पुन्हा चढवते, पुन्हा उतरवते, आणि पेटीकडे तोंड करून ओरडते, "उतर मेल्या, उतर!" झालं. मेला कोण, याबद्दल उरलीसुरली शंकाही फिटली. मेल्या नवऱ्याशी बायको भांडते याचं नवल कुणाला वाटलं नाही. आश्चर्य एवढंच, की तो अजूनही ऐकत नव्हता.

आगापितोचं मन मात्र हळवं झालं. बिचारी. शेवटी काळं नेसायला तयार झाली म्हणायची, फक्त नेसायला वेळ लावतेय. त्याने चालकांच्या मंडळाची बैठक बोलावून ठेवली.

बैठकीच्या दिवशी लिसेनिया आली ती एव्हेरार्दोची गाडी घेऊन, आणि गाडीवर मोटरसायकल जखडलेली. जुनीच होती, सीट फाटलेली, पण फटफटत होती. तिची आत्या, पास्तोरा, हिने आपली पोसलेली डुकरं विकून ती घेऊन दिली होती. आत्या स्वतः बाकड्यावर राणीसारखी बसली होती.

आगापितो उभा राहिला. मंडळीही उठली. टोप्या हातात.

"लिसे, पोरी. आम्हाला सगळं कळलंय. एव्हेरार्दो आमचाच होता. मंडळाने ठरवलंय, विधवा म्हणून नंबर तुला. माझा पुतण्या उद्यापासून..."

"कसली विधवा?"

"आता कशाला लपवतेस? ताकाला जाऊन भांडं लपवू नये. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला जे ठाऊक आहे ते गावानेच ठेवून घ्यावं. एव्हेरार्दो जिवंत आहे. नंबर मला माझ्या नावाने हवा. उतरवून दाखवते."

छपराखाली मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा गलका झाला. आगापितोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो जिवंत असेल, तर आपण इतके दिवस टोपी कुणाला काढली? पण तो प्रश्न असा भर सभेत विचारायचा नव्हता.

"मग नीट ऐक," तो म्हणाला. "विधवा म्हणून घेतेस, तर नंबर आत्ता, इथे, बसल्या जागी. स्वतःच्या नावाने हवा असेल तर उद्या पुलाच्या वळणावर माझ्या समोर गाडी आणायची आणि उतरवायची. एकटीने. उतरली नाही, तर विधवेचाही नाही. कायमचा नाही. मग केळीच तळ."

"घे गं बाई," पास्तोरा आत्या हळूच म्हणाली. "समज मेला. माझी डुकरं गेलीत, त्याचा तरी विचार कर."

लिसेनियाने आत्याकडे पाहिलं, मग फलाटाच्या टोकाला असलेल्या आपल्या चुलीकडे. विधवेचा नंबर म्हणजे पुतण्या गाडी चालवणार आणि आपण इथेच बसून त्याचा गल्ला येण्याची वाट पाहणार. तेल तेच, धूर तोच.

"उद्या," ती म्हणाली.

रात्रभर पावसाने वळण धुऊन काढलं. रुळांमधली खडी सैल झालेली, कडेच्या चरातून पाणी वाहतंय. आगापितोने आपल्या गाडीवर माणसं निवडून घेतली होती: गावातले सगळ्यात वजनदार. त्यांच्यात दोमितिलाही होती. तिला कुणी निवडलं नव्हतं, पण तिने घरी राहणं शक्यच नव्हतं. समोरून लिसेनियाची गाडी आली. तिच्या गाडीवर पास्तोरा आत्या आणि टोपलीतली कोंबडी. हिशेब उघड होता. उतरायचं तिनेच.

आत्या उतरली, टोपली घेऊन कडेला उभी राहिली.

आगापितोला वाटलं, आता ती कड धरून ओढणार. पण तिने गाडीकडे पाठ केली, गुडघे वाकवून खाली बसली, आणि जंगलातून लाकडाची मोळी उचलताना बायका घेतात तशी फळीची कड कमरेच्या मागे, माकडहाडावर घेतली. हात नुसते धरायला. मग पायांनी उठली.

एका बाजूची चाकं रुळावरून सुटली. आगापितोच्या मागे कुणीतरी "आईशप्पथ" म्हणालं. तिने पाऊल बाजूला टाकलं, खडी सरकली, टाच घसरली, आणि गाडी दाणकन पुन्हा रुळावर आदळली. टोपलीत कोंबडीने आकांत मांडला.

"पुरे, पोरी," आगापितो म्हणाला. खरंच त्याला तसं वाटलं होतं. "पाय मोडशील. सोड."

"अजून उतरली नाही, काका."

"ही उचलायची पद्धतच नव्हे."

"तुमची पद्धत मला दाखवा ना. या, तुमची गाडी उतरवा एकदा."

आगापितो खोकला. खोकला बराच लांबला.

दोमितिला गाडीवरून उडी मारून धावली. गुडघ्यापर्यंत चिखलात गेली. "अगं, मी एक कोपरा धरते, नुसता आधार..."

"हात लावू नका, मावशी! तुमच्या आधाराने माझा नंबर जाईल!"

दोमितिला हात वर करून जागच्या जागी थिजली. लिसेनियाने पायांनी खडी उकरली, टाचेसाठी खाच केली, त्यात टाच रोवली आणि पुन्हा खाली बसली. या वेळी ती लगेच उठली नाही. श्वास घेतला. मग दात आवळून ओरडली, "उतर मेल्या, उतर!"

दोमितिलाने घाईघाईने क्रूस काढला आणि एव्हेरार्दो कुठून उतरतो ते पाहायला झाडांकडे मान वळवली. त्यामुळे ज्या बाईने हा प्रसंग पुढे गावात हजारदा सांगितला, तिनेच तो पाहिला नाही. पुढची चाकं सुटली, तिने टाचेवर सगळं वजन पेललं आणि कमरेने वळली. मागचीही सुटली. गाडी मोटरसायकलसकट चराच्या कडेला बसली, पाणी उडालं, आणि मार्ग मोकळा झाला.

सगळ्यात आधी आत्याच बोलली. "झालं. आता माझी डुकरं सार्थकी लागली."

लिसेनिया गुडघ्यांवर हात टेकून उभी होती, ओठ फाटलेला, पण डोळे आगापितोवर. "जा ना काका. वाट तुमच्यासाठीच केलीय. मागे रांग लागेल."

आगापितो गाडीवर बसला. हळूच पुढे नेली, वळणाच्या पलीकडे थांबवली, आणि मागे वळून पाहत राहिला. तिने गाडी त्याच रीतीने परत चढवली. चढवणं उतरवण्याहून अवघड असतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने आपल्या वजनदार मंडळींकडे पाहिलं. ती सगळी एकमेकांकडे पाहत होती.

"शेवटचा नंबर," त्याने ओरडून सांगितलं. "रांगेत सगळ्यांच्या मागे!"

"मागे तर मागे! पण रांगेत!" तिकडून उत्तर आलं.

पुढे ती कितीतरी वर्षं चालवत राहिली. फलाटावर केळी तळणाऱ्या पोरींपैकी दोघींना तिने कमरेवर गाडी घ्यायला शिकवलं, आणि एके दिवशी पाठीच्या दुखण्याने बेजार झालेला आगापितोचा पुतण्याही गुपचूप तिच्याकडे शिकायला गेला. आगापितोने हे पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. प्रमुखाला ते जमावं लागतं.

पण तिने गाडी उतरवली त्या दिवशी संध्याकाळी, पहिली फेरी करून ती परतली तेव्हा, तो फलाटावर तिची वाट पाहत उभा होता. बाकीचे लांब गेल्याची खात्री करून त्याने टोपी हातात घेतली, मग ती हातात घेतल्याचं लक्षात येऊन पुन्हा डोक्यावर ठेवली.

"लिसे, एक विचारू? आता गाडी रुळावर नाही, म्हणून विचारतो. पेटीत कोण होतं?"

तिने सांगितलं.

पेटी पास्तोरा आत्याची होती; तिने स्वतःसाठी आधीच करवून माळ्यावर ठेवलेली. आत नदीतले दगड होते, मोटरसायकलच्या वजनाइतके. रांगेत नसलेल्या माणसाला रुळावर येण्याची दुसरी वाट नव्हती. एव्हेरार्दो पनामात जिवंत होता.